बीडच्या नावाचं खोकं

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मालनबाईंचं तोंड कधी पोळल्याचं कुणाला ठाऊक नाही, तरी बाई पाणीसुद्धा फुंकून पीत. किराणा दुकानात पुडा हातात पडला की त्यावरची तारीख अक्षर लावून लावून वाचायच्या, आणि वाचून झाली की म्हणायच्या, "छापायला काय लागतंय?"

आणि नेमकी अशा बाईच्या वाडीवर नाव सांभाळायची पाळी आली. कपिलधारच्या रस्त्याला ही वाडी, पाठीशी डोंगर, डोंगरात सीताफळं. बीडच्या सीताफळाला सरकारी मानांकन आहे. म्हणजे ते नाव कुणीही उठून खोक्यावर छापायचं नाही; फळ इथल्या मातीतलं हवं आणि विकणाऱ्याची नोंदणी हवी. वाडीतल्या बायकांच्या गटानं नोंदणी केली, लेबलं छापली आणि पुण्याचा एक दुकानदार थेट माल घ्यायला लागला. एरवी दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं, ही वाडीची रीत. नाव चाललं तशी काही घरं मागं राहिली, लेकरांच्या शाळा टिकल्या. मालनबाईंचा मुलगा बाळू त्यांतलाच. नाव गेलं तर त्याच्या हातात कोयता परत आलाच!

लेबलांची गुंडाळी असायची यशोधराच्या कपाटात. यशोधरा म्हणजे मालनबाईंच्या चुलत पुतण्याची, अनिलची बायको, बी.ए. झालेली, गटाची सचिव. माहेर बाहेरच्या जिल्ह्यातलं आणि बापाची बाग मोठाल्या, गुळगुळीत सीताफळांची. झालं! मालनबाईंच्या डोक्यात किडा वळवळायला एवढं पुरे होतं.

"बापाचा माल आन् आपलं नाव," त्या शेजारच्या वनिताला म्हणाल्या. "तसंच हाय असं मी म्हनत न्हाई. पर कपाटाला कुलूप कावून लागतं?"

"काकू, कुलूप लावा म्हून तुमीच भांडलता की!"

"मंग किल्ली तिच्याकडंच कावून?"

आता याला काय म्हणावं! यशोधराचा भाऊ बहिणीला भेटायला आला, तर बाईंनी गप्पा मारता मारता त्याची पिशवी चाचपली. आत निघाला चिवडा आणि बहिणीच्या बाळाचं झबलं. "दाखवायला काय, चिवडाच ठेवत्यात," असं म्हणून त्या तिथून निघाल्या.

आणि मग पुण्याहून एक खोकं परत आलं. दुकानदार फोनवर तापलेला होता. फळं काळी पडली, दगडासारखी राहिली, गिऱ्हाइकानं तोंडावर फेकली म्हणे. "तुमचं लेबल कुणी चोरून लावलं असेल तर तसं सांगा, मी तक्रार करतो. तुमचाच माल असेल तर मला विचार करावा लागेल. संध्याकाळी फोन करतो."

सगळ्या बायका गटाच्या शेडमध्ये जमल्या. खोकं उघडायच्या आधी मालनबाईंचं तोंड उघडलं. "इचारायचं काय त्यात? जिच्याकडं किल्ली, तिचा माल! माहेरची बाग हाय की!"

यशोधराचा चेहरा उतरला. तिनं खोकं पुढं ओढलं आणि झाकण काढलं.

फळं बारकी, खडबडीत, आपल्या डोंगरातलीच. पण एकाचाही डोळा उघडलेला नव्हता. खवल्यांमधली फट पांढरी-पिवळी पडली की सीताफळाचा डोळा उघडला म्हणायचं आणि मगच हात लावायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्याआधी तोडलं तर ते जन्मात गोड होत नाही. आणि फळांखाली अंथरला होता कडुलिंबाचा पाला. बाकी सगळ्या आपापलं खोकं भरताना गवत घालतात. किडीच्या भीतीनं लिंब घालणारी वाडीत एकच, मालनबाई.

आपल्या वाट्याची झाडं दुसरंच कुणी झोडून नेईल, या धास्तीनं त्यांनी कच्चं-पक्कं न बघता सगळी फळं एकदम उतरवली होती. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेवढ्यात यशोधराचा फोन वाजला.

"ताई, काय कळलं? चोरून लावलं ना कुणी?" दुकानदाराचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

यशोधरा नुसती मालनबाईंकडं बघत राहिली. हो म्हटलं की मालनबाईंची सुटका होती. मालनबाईंनी ओठ चावला आणि पुढं होऊन तिच्या हातातला फोन हिसकावला.

"माल आमचाच हाय, साहेब. माजा हाय, मालनबाईचा. कच्चा तोडला. नाव खरं हाय, तोडनारी खोटी निघाली."

दुकानदार म्हणाला, "बरं. तुमचं खोकं यंदा नको. बाकीच्यांचा माल येऊ द्या."

म्हणजे बाळू यंदा ऊसतोडीला जाणार. मालनबाईंनी फोन परत दिला. पण स्वभाव जातो कुठं!

"पाला तर तुला आदीच दिसला व्हता. माजं नाव घ्यायचं सोडून गप कावून बसलीस? काय हाय तुज्या मनात?"

"काही नाही, काकू," यशोधरा म्हणाली. "तुम्ही खरं बोलाल याचा मला भरवसा नव्हता. म्हणून बघत होते."

दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या मालनबाईंना 'तुमचा भरवसा नाही' असं उभ्या जन्मात कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. त्या तिथंच मटकन खाली बसल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या.