जीपच्या तोंडावरचा हार
उन्हात तापलेल्या झेंडूचा वास आला की मला आजही एका जागी बसवत नाही. दसरा होता. अण्णांनी गावातल्या मिस्तरीकडून जुन्या जीपला मोठं डिझेल इंजिन नुकतंच बसवून घेतलं होतं, आणि पूजेला मी ओवलेल्या जाडजूड हाराने तिची पुढची जाळी पार झाकून गेली होती. दुपारी ताईला अचानक कळा सुरू झाल्या. म्हसावदहून दवाखान्याकडे निघालो, तर शहाद्याच्या अलीकडेच तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. "त्या मिस्तरीनी वाट लावी दिनी!" म्हणत अण्णा कॅन घेऊन पपईच्या मळ्यात पाण्याला पळाले. मागे ताई दात आवळून कण्हत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हारामुळे जाळीला वाराच लागत नव्हता. पूजेचा हार त्या दिवशी काढत नाहीत, तरी मी तो ओढून रस्त्याकडेच्या चारीत फेकला. घाईत अण्णांना ते दिसलंही नाही. पाणी घातल्यावर गाडी पुन्हा तापली नाही, आणि भाचा दवाखान्यातच झाला. आता तो शाळेत जातो. त्या गॅरेजवरून जाताना अण्णा अजूनही मिस्तरीला शिव्या घालतात, आणि मी शेजारी बसून ऐकून घेतो.