जावईबापू फाटकात अडले

साइटवर सगळे त्यांना फाटकबाई म्हणत. मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली काम करायला येणारा कुठलाही पोटठेकेदार, मग तो प्लंबर असो की लिफ्टवाला, आधी बाईंच्या फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीतून पार पडायचा आणि मगच आत पाऊल टाकायचा. विमा, परवाने वगैरे बाई चष्म्याआडून झटपट उरकत. त्यांचा खरा जीव पुढच्या गोष्टीत. आत धोका कुठे आहे, भोंगा वाजला तर कुठे जमायचं, हे सगळं समजावून झालं की त्या खुर्चीत रेलून म्हणत, "आता हेच तुमच्या माणसांना तुम्ही सांगा. मी ऐकते." भल्याभल्यांची तिथे दातखीळ बसे. एका प्लंबरने तर हात जोडले होते, "बाई, त्यापेक्षा सही दोनदा घ्या!"

त्या सकाळी रंगाऱ्यांची टोळी आली आणि टोळीचा म्होरक्या निघाला बाईंचा जावई. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली ब्रश मारल्यावर हे त्याचं स्वतःचं पहिलं काम. इंजिनिअरने बजावलं होतं, दुपारपर्यंत रंगारी परांचीवर चढले नाहीत तर परांची प्लास्टरवाल्यांना आणि काम दुसऱ्या कुणाला. त्यात जावई असा अबोल, की लग्नापासून सासूशी त्याचं संभाषण "हो आई" आणि "नको आई" यापलीकडे गेलंच नव्हतं.

बाईंनी सगळं समजावलं आणि या वेळी खुर्चीत न रेलताच त्या म्हणाल्या, "हं, बोला."

जावई घडाघडा बोलू लागला! हेल्मेट, कमरेचा पट्टा, शिडी. शब्द बाईंचेच, सूर बाईंचाच, मधलं खाकरणंही बाईंचंच. बाईंना अगदी भरून आलं. तेवढ्यात तो म्हणाला, "भोंगा वाजला की मागच्या फाटकाजवळ जमायचं."

बाईंचा चेहरा उतरला. मागचं फाटक गेल्या साइटवर होतं. इथे मागे सांडपाण्याच्या टाकीसाठी खणलेला भलामोठा खड्डा होता.

"कुणी शिकवलं हे?"

"हिने," जावयाची मान खाली.

गेल्या साइटच्या वेळी बाई घरी भांडी घासताना भाषणाची तालीम करत, ती तेव्हा माहेरी असलेल्या लेकीला तोंडपाठ झाली होती. तिने नवऱ्याकडून घोकून घेतली.

"आणि मी आत्ता सांगत होते तेव्हा कान कुठे होते?"

"मनात म्हणत होतो आई. विसरेन म्हणून."

"मालक," म्हातारा रंगारी म्हणाला, "मग आपण खड्ड्यात जमायचं का?" टोळी खो खो हसली.

फोन वाजला. लेक. टोळीतल्या कुणीतरी तिला कळवलं होतं. "आई, सोड ना गं त्यांना आत. घरचाच माणूस आहे."

"घरचा आहे म्हणूनच अडवलाय," म्हणून बाईंनी फोन ठेवला. घड्याळाकडे न बघता त्या उठल्या. "चला माझ्याबरोबर. पाठ केलेलं सगळं इथेच ठेवा, डोळ्यांनी बघा."

हेल्मेटं चढवून त्यांनी सगळ्यांना आतून फिरवून आणलं. खड्ड्याच्या कठड्यापाशी जावई बराच वेळ खाली बघत राहिला. परत आल्यावर तो टोळीकडे वळला आणि अडखळत बोलू लागला. "भोंगा वाजला की पुढे, पाण्याच्या टाकीपाशी. मागे कुणी जायचं नाही. पट्टा न लावता वर कुणी दिसला तर मी त्याला खाली उतरवीन. तुम्हाला काही झालं तर तुमच्या घरी मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

कुणी हसलं नाही. बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि पास पुढे सरकवले.

टोळी परांचीकडे निघाली. बाईंना राहवेना. नीट चढतात की नाही, बघायला त्याही लगबगीने मागे गेल्या. जावई गर्रकन वळला.

"आई! हेल्मेट कुठाय? आधी घालून या, मग आत!"

बाई निमूट मागे फिरल्या आणि हेल्मेट शोधण्याआधी त्यांनी फोन उचलला. "अगं, काम सुरू झालं. आणि तुझा नवरा माझ्यावर ओरडला!"



"कोण?" लेक म्हणाली. "माझाच ना?"