श्रावणाआधीचा गूळ

दामले भाऊजींचा विश्वास हवा असेल तर माणसाला तीन प्रतींत अर्ज करावा लागे. विमा कंपनीतून निवृत्त होऊन ते जयपूरच्या मालवीय नगरात आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा दूधवाल्याकडूनही त्यांनी ‘पूर्वानुभव’ लिहून घेतला होता. मुलांनो, परवा निहार फोनवर म्हणाला, "आजी, आमच्या द्राक्षमळ्यावर माणसं आणणारा ठेकेदार नुसतं कमिशन खातो गं." मला वाटलं, भाऊजीच बोलताहेत. म्हणून हे लिहिते आहे.

शहराबाहेर, चौमू गावाजवळ त्यांनी आवळ्याची बाग घेतली होती. त्यांच्या पत्नीला, मालतीला, ती पहिल्यापासून पसंत नव्हती. "यंदा आवळे वाया गेले तर बाग विकायची आणि पुण्याला मुलाकडे जायचं," असं तिने बजावलं होतं. भाऊजींनी मान डोलावली. लेखी मात्र काही दिलं नाही.

त्या भागात तोडणी ठेकेदाराकडून करून घेतात. कजोड़जी नावाचे वयस्क गृहस्थ वीसेक बायामाणसांची टोळी बाळगून होते. सावन लागला की फळ चण्याएवढं असतानाच ते गूळ घेऊन मालकाकडे येत. मालकाने खडा तोंडात टाकला की टोळी त्या बागेची. कागद नाही, सही नाही.

तसे ते आले, तेव्हा भाऊजींना हसू आवरेना. "काम मार्गशीर्षात आणि गूळ आत्ता?" मग त्यांनी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "और ये देखो, अभी आषाढ़ चल रहा है. श्रावण में आना. तीन कोटेशन भी लाना."

इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, हे इतकी वर्षं जयपुरात काढून त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण घरात आपलंच कॅलेंडर, हा त्यांचा बाणा. कजोड़जींनी गूळ पुन्हा फडक्यात बांधला. "बाऊजी, आँवला कैलेंडर देखकर नहीं पकता," म्हणाले आणि उठले.

"बघितलंत वहिनी?" भाऊजी मला म्हणाले, "मधला माणूसच काढून टाकला. मतलब, निम्मी कटकट गेली. ज्याला दोन हात आहेत त्याला आवळे तोडता येतात."

मार्गशीर्षात त्यांनी नाक्यावर उभे असलेले दोन हातांचे सात जण निवडले. सगळे रंगारी आणि फरशीवाले. रीतसर मुलाखती झाल्या. "उंचीची भीती वाटते का?" या प्रश्नाला एक रंगारी उत्तरला, "साब, चौथी मंज़िल पोतता हूँ!" त्याला भीती नव्हतीच. भ्यायला हवं होतं ते आवळ्यांनी. त्या वीरांनी बांबू घेतले आणि फांद्या झोडपायला सुरुवात केली. आवळ्यांचा सडा पडला. भाऊजी खुशीत. "एका दिवसात सहा झाडं!"

तिसऱ्या दिवशी मुरंब्याचा व्यापारी आला. त्याने एक आवळा उचलून अंगठ्याने दाबला. जिथे मार लागला होता तिथे तपकिरी डाग. "मार खाया माल है, बाऊजी. मुरब्बे में नहीं चलेगा."

"घाला आता लोणचं," मालती म्हणाली, "तीन प्रतींत."

बरीच झाडं अजून भरलेली होती आणि आठवड्याभरात पाला, म्हणजे फळ करपवणारं हिम, पडणार अशी बातमी होती. म्हणजे वरचंही जाणार, आणि त्यामागोमाग बाग. दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वतः गूळ घेऊन कजोड़जींच्या वस्तीवर गेले. आम्ही दोघी मोटारीत बसून पाहत होतो.

कजोड़जींनी त्यांना खाटेवर बसवलं, चहा दिला. टोळीत कोणाची लेक बाळंत आहे, कोणाचा गुडघा धरलाय, कोणाला शिडीवर चढवायचं आणि कोणाला खालीच ठेवायचं, हे ते वर्षभर दारोदार फिरून पाहत. हाताला काम नसे तेव्हा धान्यही उसनं देत. "टोली मंगसिर में नहीं बनती, बाऊजी," ते शांतपणे म्हणाले. मंगसिर म्हणजे आपला मार्गशीर्ष. मग त्यांनी गुळाचा खडा उचलला. "चार दिन में आऊँगा. पर चादर आप पकड़ोगे."

आणि भाऊजींनी चादर धरली. शिडीवरच्या बाया एकेक आवळा हाताने तोडून खाली सोडत होत्या. वरून हाका येत, "बाबूजी, ढीली मत छोड़ो! दफ्तर में बैठे हो क्या?" आमचे साहेब, स्वेटर आणि कानटोपीत, चादरीचं टोक छातीशी धरून उभे. पाला पडायच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं झाड मोकळं झालं. मालतीने पुण्याचा विषय काढला नाही.

परतताना भाऊजींनी कानटोपी काढली. मग म्हणाले, "वहिनी, क्लेमच्या दिवशी पॉलिसी काढता येत नाही. हप्ता आधीपासून भरायचा असतो. तीस वर्षं मी हेच लोकांना सांगत फिरलो."

त्यानंतर दर जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की ते गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाभोवती लाल शाईने गोल काढून ठेवत. आषाढाच्या पानावर, आपल्या अक्षरात, ‘सावन’.

यंदा चैत्रात भाऊजी गेले. मुलगा आला, म्हणाला, "आई, बाग विकून टाक. आता ठेकेदारांशी कोण बोलणार?" मालतीने भिंतीवरच्या कॅलेंडरचं आषाढाचं पान उलटून पाहिलं.

गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कजोड़जी फाटकाशी आले. हातात फडकं होतं, पण ते सोडावं की नाही या विचारात ते बाहेरच घुटमळत होते. मालती वाटी घेऊन पायऱ्या उतरली. वाटीत गूळ होता.

"आइए कजोड़जी," ती म्हणाली, "इस बार चादर मैं पकड़ूँगी."