कुंडीतला चहा

ऑफिसच्या खिडकीतल्या मोगऱ्याला बऱ्याच दिवसांनी मुंग्या लागल्या आहेत. लागणारच. सकाळी देणगीदार मंडळी येऊन गेली.

क्षयरोग्यांची ही वसाहत चालवताना मी एवढं शिकले, की पाहुणा भाषणात डोळे पुसतो आणि चहा कुंडीत ओततो. मी पाठ फिरवायचा अवकाश, की कप रिकामा. हा रोग हवेतून पसरतो, कपातून नाही, हे सांगून माझा घसा सुकला. चहा करणारी सुमनमावशी तर कधीच खडखडीत बरी झाली आहे. घरच्यांनी परत नेलं नाही, म्हणून ती इथलं स्वयंपाकघर सांभाळते. तिचा चहा मातीत ओतणाऱ्या हातांतून मी हसत हसत शाल घेते. या लोकांची चीड येते, आणि त्याहून जास्त माझी.

मावशी कप न्यायला आली, तशी मी कुंडी झाकून उभी राहिले.

"सरका ताई, पाणी घालते त्याला," ती म्हणाली. "पाहुण्यांच्या चहात मी साखर घालत नाही एरवी, झाडाला मुंग्या लागतात. आजची माणसं बरी वाटली, म्हणून घातली."