माशांचं मीठ

तात्यांचा उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि बाहेरच्या खोलीत माशांची काचेची टाकी मांडली. मध्यंतरी रक्तदाब चढला, डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं, तर या गृहस्थांनी ताटच सारलं. "अळणी गिळण्यापेक्षा उपाशी मेलेलं बरं." दोन दिवसांनी बायकोने हात टेकले. जेवणात मीठ परत आलं, आणि नवल म्हणजे रक्तदाबही उतरला. तात्या येईल त्याला ऐकवायचे, "माशांकडे बघत बसतो ना, त्याचा गुण. डॉक्टरांना काय कळतंय?"

अशात टाकीतल्या जोडीने पहिल्यांदाच पिल्लं दिली. टाचणीच्या टोकाएवढी. त्यांना कोरडं खाद्य चालेना, हलतं काहीतरी हवं. मग माशांच्या दुकानदाराने खाऱ्या पाण्यातल्या बारक्या कोळंबीची अंडी दिली, दिसायला नुसती तपकिरी भुकटी. मिठाच्या पाण्यात टाकायची, खालून हवा सोडायची, शेजारी दिवा ठेवायचा, की दुसऱ्या दिवशी कोळंबी तयार.

तात्यांनी बाटलीचं बूड कापलं, ती उलटी टांगली, स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून बघतात तर भुकटी ती भुकटीच. पुन्हा घातली, पुन्हा तेच. इकडे पिल्लांची पोटं खपाटीला गेली, काही तळाशी निपचित पडली. तात्यांना घास गोड लागेना.

शेवटी ते तणतणत दुकानात गेले. "शिळी अंडी माझ्या गळ्यात मारलीत."

दुकानदार शांतपणे त्यांना आतल्या बाटलीपाशी घेऊन गेला. दिव्याच्या बाजूला नारिंगी कोळंबीची नुसती झुंबड उडाली होती. "तुमचीही अंडी याच डब्यातली, तात्या. मीठ कुठलं घातलंत?"

"घरातलं. दुसरं कुठलं घालणार?"

"मग त्या मिठाची चौकशी करा." त्याने पेलाभर जिवंत कोळंबी त्यांच्या हातात दिली. "आधी पिल्लांना घाला. भांडण काय, उद्याही करता येईल."

तात्या खजील होऊन घरी आले. पेला टाकीत ओतला आणि पिल्लं तुटून पडली. बघता बघता त्यांची पोटं नारिंगी झाली. त्या भल्या माणसाचे मनातल्या मनात आभार मानून ते स्वयंपाकघरात शिरले.

"अगं, आपल्या मिठात आहे तरी काय?"

भाजी ढवळणारा बायकोचा हात थांबला. "डॉक्टरांनीच सुचवलेलं आहे ते. रक्तदाबवाल्यांचं, त्यात खरं मीठ कमीच असतं. तुम्ही ताट सारलंत ना, तेव्हापासून आणते. जरा कडवट लागतं, म्हणून वरून लिंबू पिळते. पाकीट कचऱ्यात खाली दडवते."

"आणि मी जगभर माशांचा गुण सांगत फिरलो."

"फिरा की. माशांचं काय बिघडलं?"

तात्यांना रागवायचं होतं, पण जमेना. हल्ली हिच्या हाताला चव आलीय, असं तेच तर मनाशी म्हणत आले होते. त्यांचे डोळे भरून आले.

संध्याकाळी तिने साधं मीठ आणलं आणि पाकिटावर चिठ्ठी डकवली, 'माशांचं. तात्यांनी हात लावायचा नाही.' दुसऱ्या दिवशी बाटलीत नारिंगी ढग उसळला. तात्यांनी भिंग आधी तिच्या हातात दिलं.

जेवताना ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "आता कळलंय, तर मीठ कमी वाटत असेल."

तात्यांनी आणखी भाजी वाढून घेतली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. मलाच सांगायचं राहिलं."