आमचे देव आमच्याआधी इंदापुरात

यांची बदली इंदापूरच्या शाळेत झाली आणि मोरगावचं बिऱ्हाड हलवायचं ठरलं. साल एकोणीसशे पन्नासच्या आसपासचं. हे खोली बघायला पुढे गेले होते. मागे मी, सातवा महिना लागलेली, आणि सासूबाई. परक्या गावात बाळंतपण कसं होणार, या काळजीनं मी रडवेली. सासूबाईंचं एकच पालुपद, "मोरया हितं हाय, तसा तितंबी हाय."

बारामतीपर्यंतच्या एस.टी.त दोन शेळ्या, एक कोंबडा आणि आम्ही. कऱ्हाटीला कोंबडा उतरला, तेव्हा कुठे एकमेकींचं बोलणं ऐकू आलं. तुम्ही जाणार असाल तर खिडकीसाठी भांडू नका. तिथं धूळ फुकट मिळते.

बारामतीला गाडी बदलायची. इंदापूरच्या गाडीत जागा धरायला सासूबाईंनी जुन्या हिरव्या लुगड्यात बांधलेला देवांचा डबा बाकावर ठेवला. "देवाला कोन उठीवतंय?" म्हणत आम्ही भजी खायला उतरलो. भजी खरंच खावीत अशी! दुसऱ्या घाण्याची वाट बघत राहिलो आणि गाडी निघून गेली.

"देव गेले!" मी किंचाळले.

शेजारच्या म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. "आरारा! आजारी हुतं का, पोरी?"

"तसं न्हाय, तात्या," सासूबाई म्हणाल्या. "फुडं गेल्यात. घर बघाया." आणि माझ्या वाटची भजीही त्यांनीच संपवली.

दुपारच्या गाडीनं, उसाच्या फडांमधून हादरे खात, आम्ही पोचलो. स्टँडवर हे डबा पोटाशी धरून बसलेले, चेहरा पांढराफटक. लुगड्यावरून डबा ओळखला, पण गाडीतून देव उतरले आणि माणसंच नाहीत! एरवी पूजेला कंटाळणाऱ्या यांनी त्याच देवांना अकरा नारळ बोलून टाकले होते.

"अकरा?" सासूबाई कडाडल्या. "येकात भागलं आसतं की!"

त्याच खोलीत माझी लेक जन्मली, अनोळखी शेजारणींच्या हातांवर. पुढे कितीतरी बदल्या झाल्या. प्रत्येक वेळी मी घाबरले, आणि प्रत्येक वेळी इंदापुरातल्या पहिल्या संध्याकाळचं बोलणं आठवलं.

त्या संध्याकाळी नवी चूल मांडताना माझं मनगट ठणकत होतं. बांगड्यांचे वळ उठले होते. गाडीत वाटभर सासूबाईंनी मनगट आवळून धरलं होतं.

"आत्याबाई, तुम्हालाही भीती वाटत होती?"

"मग? वाटनारच की," त्या म्हणाल्या. "पर देव फुडं गेलं हुतं. मागं तुला धराया कुनीतरी नगं का?"