द्वारकाबाईंचे पाय

सुरेखाला आमच्या वॉर्डात सगळे ‘चालवणारी बाई’ म्हणायचे. ती फिजिओथेरपिस्ट, पण हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नव्हता. मी त्या मजल्याची सिस्टर इनचार्ज, त्यामुळे तिची भांडणं निस्तरायचं काम माझ्या गळ्यात. आणि भांडायची तर फार. म्हातारं माणूस दिवसभर आडवं दिसलं की तिचं डोकंच फिरायचं. “आजार बरा होईल हो, पण पाय गेले तर परत कोण आणून देणार?” असं ती नातेवाइकांना तोंडावर विचारायची. तिचे वडील सोयगावहून साध्या तापासाठी दवाखान्यात भरती झाले आणि खाटेवर घालूनच घरी आणावे लागले. पुढे ते कधी उभेच राहिले नाहीत.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात द्वारकाबाई आल्या. कन्नडजवळच्या एका गावच्या. न्यूमोनिया झालेला, तरी मुलाचा हात धरून आपल्या पायांनी वॉर्डात आल्या. मुलगा इंद्रजीत वाळूजला कंपनीत सुपरवायझर होता. शहर तेव्हा जवळच्याच सातारा गावाच्या डोंगरापर्यंत सरकलं होतं, तिकडंच त्यानं चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. इमारतीत लिफ्टचा नुसता खड्डा होता. माणूस सोन्यासारखा. आईचे पाय चेपायचा, घास भरवायचा आणि पलंगाखाली पाऊल टाकू द्यायचा नाही. “जन्मभर डोक्यावर हंडे वाहिले तिनं. आता काडी उचलू देणार नाही,” म्हणायचा. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? सुरेखा रागवायचीच.

द्वारकाबाईंना मात्र हे सुख नको होतं. ताप उतरला तशी त्यांनी सुरेखाचं मनगट धरलं.

“पोरी, माह्या पायात जोर आण. चालती झाले तर गावी माह्या घरी जाईन. नाय तर ह्यो मला त्या वरच्या खोलीत नेऊन ठेवील. मंग तिथून खाली कोण उतरवतं?”

पण व्यायाम म्हटला की त्या हसायच्या. “रिकामे हातपाय हालवाया मी काय तमाशात हाय व्हय?” शेवटी सुरेखानं युक्ती काढली. वॉर्डातले नळ कोरडे पडले होते, टँकरचं पाणी व्हरांड्याच्या टोकाला पिंपात भरून ठेवायचे. “आजी, तुमचा तांब्या तुम्हीच भरून आणा,” सुरेखा म्हणाली. म्हातारी लगेच उठली. आधी भिंतीला धरून, मग सुरेखाच्या हाताला, मग नुसतीच. शेजारच्या बाईलासुद्धा पाणी आणून द्यायला लागली. हे सगळं इंद्रजीत ड्यूटीवर असताना चालायचं. ही आता गावी जाणार, असं मलाही वाटायला लागलं.

एका रविवारी गावाहून जीप भरून माणसं भेटायला आली. इंद्रजीत त्यांना आणायला खाली गेला होता. सगळ्यांच्या पुढं भावकीतले वडीलधारे नानासाहेब. जिना चढून ते व्हरांड्यात आले, तर समोर द्वारकाबाई पिंपावर वाकलेल्या.

“काय रं इंद्रजीत,” नानासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “गावात भरलं तेवढं पुरं झालं नाय, म्हणून हितं बी म्हातारीला पाणी भराया लावलं?”

इंद्रजीतचा चेहरा खर्रकन उतरला. “आरं, मीच गेले व्हते,” असं म्हातारी सांगत होती, पण त्यानं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि पलंगावर नेऊन निजवलं. मग सुरेखावर जे काही तोंडसुख घेतलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. मी त्याला बाजूला घेऊन समजावायला गेले, तर तो रडायलाच लागला. “सिस्टर, गावात आता कोणत्या तोंडानं जाऊ?” मला सुरेखाचाही राग आला. शेतकऱ्याच्या घरची पोर ती. दुसरं हवं ते काम द्यायचं होतं. पोरगा कमावता असताना त्याच्या आईला पाणी भरायला लावायचं, तेही अशा साली! हे तिला कळायला नको होतं?

इंद्रजीतच्या तक्रारीवरून मोठ्या डॉक्टरसाहेबांनी सुरेखाला त्या पलंगाकडं जायला मनाई केली. त्यानंतर द्वारकाबाईंचं जेवण, शी-शू, सगळं पलंगावर. छातीचा फोटो स्वच्छ आला, सुट्टी मिळाली, उभं करायला गेलो तर गुडघेच धरेनात. कंपनीतल्या मित्रांनी त्यांना खुर्चीसकट चौथ्या मजल्यावर नेलं.

पुढं आमच्या रजेच्या दिवशी सुरेखा मला घेऊन त्या फ्लॅटवर गेली. पांढरीशुभ्र चादर, उशाला मोसंब्या, हाताशी बोलवायची घंटी. सुरेखानं त्यांना काखेत धरून उठवलं, पण सगळा भार तिच्याच अंगावर आला. तिचा संताप चेहऱ्यावर दिसत होता. म्हातारीनं हळूच म्हटलं, “माह्या पोराला काय बोलू नको, बाई. लई जीव लावतो.” मला तिथं बसवेना.

पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या आणि थंडी पडायच्या आत द्वारकाबाई गेल्या. अंत्यविधी गावीच झाला. दहाव्याला आम्ही दोघी एसटीनं गेलो. नानासाहेब उठून बोलले, “आईची सेवा करावी तर इंद्रजीतसारखी. शेवटपतूर तिचा पाय भुईला लागू दिला नाय त्यानं.” माणसांनी माना डोलावल्या. तेवढ्यात त्यांचं लक्ष सुरेखाकडं गेलं. “ह्या बाई दवाखान्यातल्या. काय बाई, तुमी तर डोळ्यानं पाह्यलंय ना?”

इंद्रजीत मुंडण करून समोर बसला होता. रडून डोळे सुजले होते. तो तिच्याकडं बघत राहिला.

“व्हय,” सुरेखा म्हणाली. “पाह्यलंय.”